सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून

प्रिय सिस्टर,

शौचावर ताबा राहत नाही, हे अकरा वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. डॉक्टरांकडे जायचे ती गुडघ्यांसाठी. हा विषय ओठांपर्यंत यायचा आणि मी गिळून टाकायचे. त्या दिवशी तुम्ही बीपी बघत होतात. दंडावरचा पट्टा सोडता सोडता माझ्याकडे बघून सरळ विचारलंत, "संडासला पोचायच्या आत कपड्यात होतं का कधी?" मला रडूच फुटलं. तुम्ही उठून दार लावलंत आणि खुर्ची ओढून जवळ बसलात.

पुढे तपासण्यांच्या वेळी सगळ्यांनी विचारलं, आठवड्यातून कितीदा, पातळ की घट्ट. ते विचारावं लागतंच. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "यापायी काय काय सोडलंत?" आणि कोरा कागद पुढे सरकवलात. मी नऊ गोष्टी लिहिल्या. सकाळचं फिरणं, लांबचा प्रवास, गाण्याच्या मैफली, बाहेर जायचं असेल त्या दिवशीचं जेवण, नवऱ्याशेजारी झोपणं... लिहिता लिहिता हात थांबला. कपडे खराब व्हायचे आठवड्यातून एखाद-दोनदा, पण भीतीपायी सातही दिवस गेले होते. हा त्रास जगण्यावर किती परिणाम करतो हे मोजायला २००० साली २९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली आणि तिच्यात लाजेचा वेगळा भाग आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

कारण माझ्या पहिल्या बाळंतपणात निघालं. चिमटा लावावा लागला होता, टाके खोलवर पडले होते. तेव्हा दुखावलेला गुदद्वाराचा स्नायू तरुणपणी कसाबसा काम भागवतो आणि वय वाढल्यावर उणा पडतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही मुठीभोवती दुसऱ्या हाताची बोटं गुंडाळून दाखवलंत: आतला स्नायू आपोआप मिटलेला राहतो, बाहेरचा आपण आवळायचा. मग व्यायामाच्या वेळी पडद्यावरची ती रेघ, स्नायू किती आवळला ते दाखवणारी. मी सगळा जोर लावायचे आणि रेघ हलायची नाही. तुम्ही पोटावर हात ठेवून म्हणायचात, "पोट सोडा, मांड्या सोडा, वारा अडवतो तेवढंच आवळा." तिसऱ्या खेपेला रेघ वर गेली आणि माझ्याआधी तुम्हीच टाळी वाजवलीत.

बाकीचं छोटं छोटं होतं, पण त्यानंच दिवस सावरले. शौच बांधून यावं म्हणून इसबगोल. खाल्ल्यावर आतडं हालचाल करतं, म्हणून न्याहारीनंतर अर्ध्या तासानं घाई नसली तरी जाऊन बसायचं. कातडी साबणानं घासायची नाही, नुसत्या पाण्यानं धुवायची, टिपून कोरडी करायची आणि झिंकचं मलम लावायचं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, ती माझ्यासाठी नव्हती तरी. व्यायामाला येणाऱ्या एका काकांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिलं होतं, त्यानंतर त्यांना हा त्रास सुरू झाला. बायकांना पाळीमुळे पॅडची निदान सवय तरी असते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात वापरलेला पॅड टाकायला डबासुद्धा नसतो, तो पिशवीत बांधून खिशातून घरी न्यावा लागतो, असं ते खाली बघून म्हणाले. पुढच्या आठवड्यात तिथे झाकणाचा डबा आला. तो तुम्ही मागे लागून आणवलात, हे मला नंतर समजलं.

मी पूर्ण बरी झालेले नाही. पोट बिघडलं की अजून घाबरते. पण त्या नऊ गोष्टींतल्या सहा परत आल्या आहेत. नवऱ्याला सगळं सांगितलं, आता आम्ही एकाच खोलीत झोपतो. सातवी गोष्ट परवा झाली. गाण्याच्या मैफलीला गेले, दाराजवळची खुर्ची सोडून रांगेच्या मधोमध बसले. मध्यंतरातही उठले नाही. जास्तीच्या कपड्यांची पिशवी मांडीवर होती, ती उघडावी लागली नाही.

तुमची,
तुमच्या मंगळवारच्या गटातली एक