वृद्धांची ग्लानी वयावर ढकलू नका

महोदय,

घरी राहणाऱ्या वृद्धांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरतो, तेव्हा त्याची सुरुवात बहुधा साध्या जागी झालेली असते. लघवीच्या मार्गात, छातीत, मधुमेह्याच्या पायावरील भेगेत किंवा सतत पडून राहिल्याने माकडहाडापाशी झालेल्या जखमेत. माझ्या आईच्या बाबतीत ती लघवीच्या संसर्गातून झाली. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर ती पाण्याचा घोटही घेत नसे आणि आम्ही ती तिची सवय समजून सोडून देत होतो. एका सकाळी ती मला मावशीच्या नावाने हाक मारू लागली. अंगात ताप नव्हता, तेव्हा वयामुळे होत असेल असे म्हणून आम्ही तो दिवस जाऊ दिला. पुढे रक्ताच्या तपासणीत ई. कोलाय हे जंतू निघाले. आई वाचली, पण तो वाया घालवलेला दिवस मला अजून छळतो.

वार्धक्यात संसर्ग गंभीर असूनही ताप येईलच असे नाही, हे घरोघरी ठाऊक असायला हवे. अचानक असंबद्ध बोलणे, न उतरणारी ग्लानी, अन्नावरची वासना जाणे, तोल जाऊन पडणे ही त्याची रूपे असू शकतात. त्यातच मिनिटाला २२ किंवा अधिक श्वास होत असतील, अथवा वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली आला असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आई घरी आली ती लघवीची नळी घेऊन, आणि आमच्या हाती आलेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळांखेरीज काहीच नव्हते. कूस बदलताना आम्ही नळीला जोडलेली लघवीची पिशवी उचलून सरळ गादीवर ठेवत असू. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की लघवी उलटी आत फिरते, हे आम्हाला एका परिचारिकेने सांगितले. पिशवी खाली लटकती, पण जमिनीला न टेकणारी असावी आणि ती रिकामी करण्याआधी व नंतर हात साबणाने धुवावेत, हेही तिनेच शिकवले. नळी जितके दिवस राहते तितका धोका वाढतो, म्हणून ती अजून हवी आहे का, असे डॉक्टरांना प्रत्येक भेटीत विचारले पाहिजे.

पाणी दिवसाउजेडी थोडे थोडे द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लसही चुकवू नये. मात्र लघवीला वास येतो एवढ्यावरून उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नयेत. उतारवयात कोणताही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणे सामान्य आहे, आणि अकारण दिलेल्या गोळ्यांमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

नळी लावून घरी सोडलेल्या प्रत्येक वृद्धाच्या कागदावर तिची निगा आणि ती काढण्याची तारीख लिहिणे रुग्णालयांनी सक्तीचे करावे, अशी माझी मागणी आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक