वही पिशवीत तळाशी आहे

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझी ओडिशाकडे जाणारी कोणार्क एक्स्प्रेस एव्हाना सोलापूर सोडून पुढे गेली असेल. व्हायोलिन वर सामानात टाकू नकोस, मांडीवरच असू दे, एवढंच मला स्टेशनवर सांगायचं होतं. तोंडून निघालं भलतंच. गाडी हलायच्या वेळी कुणी चालींच्या करारपत्राचं बोलतं का? तू आत गेलीस ती वळलीही नाहीस. परत येताना रिक्षात आत्या एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर पेटी उघडली, पण हात चालेना. म्हणून लिहायला बसलोय.

करारपत्राचा विषय आता काढत नाही.

तू नाचाच्या संगीतात जाऊ नयेस असं माझ्या मनात कधीच नव्हतं. एकतीस वर्षं मी कथकच्या वर्गात लेहरा धरला. सोळा मात्रांची एकच ओळ पेटीवर पुन्हा पुन्हा, दोन-दोन तास. तू सहा वर्षांची होतीस, आईच्या हिरव्या शालीवर बसून ऐकायचीस. एकदा विचारलंस, "बाबा, याच्या पुढची ओळ कधी येणार?" मी म्हटलं, "नाचणाऱ्या ताईंना घरी परतायला रस्ता लागतो ना, तो मी धरून ठेवलाय." तेव्हापासून तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, सुरू झाली की तू श्वास रोखायचीस आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, सोडायचीस. तुला लय कुणी शिकवली नाही गं, ती अशी आली.

पण लेहरा धरणं वेगळं आणि रचना करणं वेगळं. हे मी तुला सांगायला नको. तूच मला भुवनेश्वर मिश्रांच्या ओडिसी नाचातल्या पल्लवी ऐकवल्यास. ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्रांसाठी त्यांनी बांधलेल्या. ते स्वतः व्हायोलिन वाजवणारे, आणि केलुबाबूंचा हात मर्दलावर, त्या पखवाजासारख्या वाद्यावर, बसलेला, म्हणजे स्वर आणि ताल समोरासमोर बसून बोलणार. पल्लवीत शब्द नाहीत, गोष्ट नाही. नुसता राग उमलत जातो. आधी डोळे, मग मान, मग धड, आणि लय चढते तशी पावलं. आरभी, शंकराभरणम, मोहन. यातल्या शंकराभरणमला आपण बिलावल म्हणतो आणि मोहनला भूप, पण त्याच स्वरांत किती निराळी चाल! ओडिसीत तालाच्या बोलांना उकुट म्हणतात हेही तुझ्याचकडून कळलं. आणि त्या गीतगोविंदातल्या अष्टपद्या. जयदेवाची एकच ओळ आठ-दहा वेळा म्हणायची. नाचणारी दर वेळी तिचा नवा अर्थ दाखवणार, आणि गाणाऱ्याने तिच्या पुढेही जायचं नाही, मागेही राहायचं नाही. रचना करणाऱ्याला ही मोकळी जागा आधीच ठेवावी लागते. मैफिलीत आपण जागा भरतो, इथे सोडायची असते. हे तुला विशीत कळलं. मला पन्नाशीत.

आता जे लिहितोय त्याचा राग मानू नकोस. तू तिसरीत होतीस त्या वर्षी मी एका नृत्यनाट्याला चाली बांधल्या होत्या. सात गाणी आणि किरवाणी रागातला एक लेहरा. तालमी आपल्याच माडीवर झाल्या, चहा आईने केला. प्रयोगाच्या दिवशी कार्यक्रमपत्रिका हातात आली. वेशभूषा, प्रकाश, रंगभूषा, सगळ्यांची नावं होती. संगीतापुढे लिहिलं होतं 'ध्वनिमुद्रित'. मी विचारायला गेलो नाही. आईने ती पत्रिका घडी करून डब्यात ठेवली, अजून तिथेच आहे. पुढे कित्येक वर्षं तो लेहरा मी कुणाकुणाच्या कार्यक्रमात ऐकला. एकदा तर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मलाच सांगितलं की ही पारंपरिक चाल आहे.

म्हणून म्हणतो, नाव लिहून घेत जा. पैसे राहिले तरी चालतील, नाव राहू देऊ नकोस. पूर्वी सगळे साथीदार मंचावर बसायचे, निदान लोकांना दिसायचे. आता एकदा रेकॉर्ड केलं की तेच शंभर कार्यक्रमांना पुरतं आणि बांधणारा घरी बसतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात सत्तावन्नावं कलम आहे. हक्क विकून टाकले तरी ही रचना माझी आहे असं म्हणायचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. तुझी चारुकेशी रागातली चाल ज्यांनी मोबाइलवर उतरवून नेली, त्यांना तू एका शब्दाने विचारलं नाहीस. "बाबा, त्यांना आवडली ना!" म्हणालीस आणि हसलीस. तुझं ते हसणं बघून मला रात्रभर झोप आली नाही.

पाहा, पुन्हा तेच सुरू केलं मी. क्षमा कर.

गायक रघुनाथ पाणिग्रहींचं तू सांगितलेलं आठवतं. मद्रासला सिनेमातलं गाणं चांगलं चाललेलं असताना ते सोडून बायकोच्या, संयुक्ताबाईंच्या, नाचासाठी गायला आले. ओडिसी म्हटलं की अजून दोघांची नावं जोडीने निघतात. मागे बसूनही माणूस दिसतो, असं तू तेव्हा म्हणालीस. मी वाद घातला. खरं म्हणजे त्या रात्री मी तुझी चारुकेशी पेटीवर चार वेळा वाजवून पाहिली. तिसऱ्या ओळीत निषादावर तू जे थांबतेस तिथे मला नाचणारीची मान वळलेली दिसली, समोर कुणी नसताना. माझ्या कुठल्याच चालीत असं काही झालं नाही.

तिकडे दमट हवा आहे, तारा गंजतील. रोझिनच्या डबीशेजारी जादा संच ठेवलाय. पखाळ भात, पाण्यात भिजवून आंबवलेला, मिळतो म्हणे, पण थंडीत रात्री खाऊ नकोस, तुझा घसा आईसारखा. गुरूंच्या घरी पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊ नकोस, चितळ्यांची बाकरवडी त्यांच्यासाठी आहे. पोचलीस की आत्याला फोन कर. मला नाही केलास तरी ती सांगेल.

तुझा,
बाबा

ता. क. तुझी चालींची वही पिशवीत तळाशी आहे. प्रत्येक चालीखाली मी तुझं नाव आणि तारीख घातली आहे, शाईने. चारुकेशीची तारीख मला नक्की आठवेना, ती जागा कोरी ठेवलीय. तेवढी तू भर.