नाना, त्या 72 रुपयांबद्दल

नाना, रामराम. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहीत आहे, नात वाचून दाखवेल तुम्हाला. समोर बोलायला आलो की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांना आधी थोडं सांगतो. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात द्राक्षाची अर्ली छाटणी चालते. बाकी जिल्हा सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी घेतो, त्यांचा माल फेब्रुवारी-मार्चला निघतो, आम्ही जुलै-ऑगस्टलाच कात्री लावतो म्हणजे डिसेंबरच्या आसपास बाजारात दुसरं द्राक्ष नसतं तेव्हा आपला माल जातो आणि भाव सापडतो. पण फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि कूज, आणि साखर उतरल्यावर आला तर मणी तडकतात. हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

2023 ला मी साडेतीन एकर सगळीच्या सगळी अर्ली धरली. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणत होते निम्मी धर. नाही ऐकलं. 22 नोव्हेंबरला व्यापारी बागेत आला, दोन-चार मणी खाऊन बघितले, 72 रुपये किलो बोलला, परवापासून तोडणी लावतो म्हणाला. आप्पा मागून हळूच म्हणाले देऊन टाक. मी म्हटलं 80 च्या खाली देणार नाही. व्यापारी गाडीत बसून निघून गेला. 26 तारखेला रविवारी गारा पडल्या, त्या दिवशी निफाड, दिंडोरीकडेही बागांची वाट लागली.

सोमवारी सकाळी तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आलात आणि काही न बोलता खाली पडलेले घड बादलीत भरायला लागलात. फुटलेल्या मण्यांचा तो आंबूस गोड वास आणि माशा, मला आजही द्राक्ष तडकलेलं दिसलं की तो वास येतो. जो येईल तो म्हणायचा निसर्गापुढे कोणाचं चालतं, आणि मी पण तेच म्हणत राहिलो, पंचनाम्याला आले त्यांना, पाहुण्यांना, बायकोला. बरं वाटायचं तसं म्हणून. तुम्ही एकट्यानेच आठ दिवसांनी विचारलं, "सौदा 72 ला होत होता ना? नाही कोण म्हणालं?"

नाना, मला इतका राग आला होता की दीड महिना तुमच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. रस्त्यात दिसलात की गाडी दुसरीकडून घालायचो. याची माफी मागायची राहून गेली होती, आज मागतो.

कारण गारा माझ्या हातात नव्हत्या पण ते "नाही" माझंच होतं, आणि एवढंच नव्हतं. औषधाच्या दुकानाची 2 लाख 60 हजार उधारी मी घरात कोणालाच सांगितली नव्हती. बँकेची नोटीस आली तेव्हा शेवटी तुमच्याकडेच आलो. तुम्ही मागचं काही काढलं नाही, चष्मा लावला आणि सगळी बिलं तारखेप्रमाणे लावायला लावली, रात्री साडेअकरापर्यंत बसलात. मी म्हटलं नाना तुम्हीच आप्पांना सांगा, तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणालात, "मी सोबत येतो. बोलायचं तू."

आणि खरंच आलात. बाहेर ओट्यावर बसून राहिलात, मी आत सांगितलं. बायको रडली नाही, ओरडली पण नाही, फक्त विचारलं की पोत गहाण ठेवताना तरी खरं का नाही सांगितलं. याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. आप्पा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, दुकानदाराला कधीचा वायदा केलाय?

तुम्ही त्या दिवशी मध्ये पडून माझी बाजू घेतली असती तर मी आजपर्यंत तुमच्या आडच उभा राहिलो असतो. तुम्ही ते केलं नाही, त्याचे आभार मानतोय मी.

पुढे दीड एकर बाग तोडली. तो निर्णयही माझाच, तुम्ही तर म्हणाला होतात अजून एक वर्ष बघ. आप्पांनी 2009 ला लावलेली बाग होती ती, खुंट, म्हणजे कलमाखालची रोपं, त्यांनी डोक्यावर पाणी वाहून जगवले होते. मांडवाचे अँगल आणि तार भंगाराच्या भावात किलोवर गेली. जेसीबी आला त्या दिवशी आप्पा शेतात आले नाहीत आणि अजूनही त्या बांधाकडे जात नाहीत, मळ्यात आले की विहिरीपासूनच मागे फिरतात. मी त्यांना चल म्हणत नाही. त्यांना वाईट वाटणारच आणि ते माझ्यामुळे वाटतंय. तिथे आता कांदा आणि मका घेतो, दुकानाची उधारी फिटली, बँकेचं अजून बाकी आहे, पोत मागच्या दिवाळीला सोडवली.

यंदा 2025 ला मे महिन्यापासून पाऊस हटला नाही, ऊन नाही म्हणून काडीत घडच नीट तयार झाला नाही, छाटणीनंतर बघतो तर निम्म्या काड्यांवर नुसती बाळी, म्हणजे घडाऐवजी वेलीचा तणावा. नुकसान आहेच. पण छाटणीच्या आधीच मी आप्पांना आणि हिला समोर बसवून सांगितलं होतं की घड कमी निघतील, एवढा खर्च होईल, एवढा अंगावर येऊ शकतो, आणि उधारी आता हिच्या वहीत लिहिली जाते, माझ्या नाही. छाटणीची तारीख मी धरली, 14 सप्टेंबर, आप्पा म्हणत होते अजून आठ दिवस थांब. त्याचं जे होईल ते माझ्या नावावर.

जो काही माल येईल त्यातला पहिला क्रेट तुमच्या ओट्यावर आणून ठेवतो. मागच्या वेळेसारखे पैसे हातात कोंबू नका नाना.