रविवारची तपासणी आणि म्युकरमायकोसिसची लक्षणं

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ९ ते १२ सोसायटीच्या सभागृहात मधुमेही सभासदांच्या नाका-तोंडाची तपासणी आहे. साखरेची वही, चालू औषधांची चिठ्ठी आणि शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट आणा. उपाशी येऊ नका; गोळ्या, इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्या.

मात्र म्युकरमायकोसिसचं, म्हणजे मधुमेहींना जास्त धोका असलेल्या गंभीर बुरशी संसर्गाचं, पुढचं एखादं लक्षण दिसलं तर रविवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा:
• एकाच बाजूचं नाक चोंदणं, रक्ताळ किंवा काळपट स्राव
• गाल बधिर होणं, वरचे दात हलणं
• डोळ्याभोवती सूज, पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं
• टाळूवर काळा डाग (आरशासमोर मोबाइलच्या टॉर्चने दिसतो)

२०२१ मध्ये या आजाराला सरसकट ‘काळी बुरशी’ म्हटलं गेलं. खरं तर बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्या बंद करते आणि मेलेला भाग काळा पडतो. म्हणून नुसत्या औषधाने भागत नाही, तो भाग काढावाही लागतो.

स्टेरॉइडने साखर वाढते, म्हणून ते सुरू झालं की साखर दिवसातून चारदा मोजा. ती २५० च्या वर राहिली, मळमळ किंवा धाप सुरू झाली, तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारं आम्ल) लगेच तपासा. रक्तातलं आम्ल वाढलं की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटतं आणि बुरशी त्यावरच फोफावते. आजारपणात जेवण कमी झालं तरी इन्सुलिन परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.