थायलंडच्या सीमेवर हुकूम कोणाचा चालतो?

माननीय संपादक,
स. न.

थायलंड-कंबोडिया सीमासंघर्षाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतून वाचताना 'थायलंड सरकारने लष्कराला आदेश दिला' अशा अर्थाचे वाक्य वारंवार आढळते. हे वाक्य वाचकाची दिशाभूल करणारे आहे, असे मला वाटते. जून २०२५ मध्ये पंतप्रधान पैतोंगतार्न शिनावात्रा यांचे कंबोडियाचे नेते हुन सेन यांच्याशी झालेले दूरध्वनी संभाषण फुटले. सीमेची जबाबदारी असलेल्या आपल्याच सेनाधिकाऱ्याला त्यांनी त्यात 'विरुद्ध बाजूचा' म्हटले होते. १ जुलैला पैतोंगतार्न यांना निलंबित करण्यात आले आणि २९ ऑगस्टला घटनात्मक न्यायालयाने पदावरून दूर केले. दरम्यान २४ ते २८ जुलै या काळात सीमेवर तोफा धडधडल्या आणि थायलंडने एफ-१६ विमाने वापरली. ज्या देशात पंतप्रधानांनाच सेनाधिकारी परका वाटतो, तेथे आदेश नेमका कोणाचा, हे बातमीत यायला नको का?

थायलंडच्या भूदलाचे चार प्रादेशिक विभाग आहेत. पहिल्याचे मुख्यालय बँकॉकमध्ये, दुसऱ्याचे कोराटमध्ये, तिसऱ्याचे फित्सानुलोकला आणि चौथ्याचे नाखोन सी थम्मरातला आहे. कंबोडियाच्या सीमेपैकी सुरिन, सिसाकेत, उबोन हा पट्टा दुसऱ्या विभागाकडे आणि सा केओ पहिल्याकडे येतो, तर समुद्राजवळचे चंताबुरी आणि त्रात हे प्रांत नौदलाच्या सीमासंरक्षण दलाकडे आहेत. २५ जुलै २०२५ रोजी याच नौदल दलाच्या प्रमुखाने दोन्ही प्रांतांतील मिळून आठ तालुक्यांत लष्करी कायदा पुकारला. हे त्याला करता आले, कारण १९१४ चा लष्करी कायदा तसा अधिकार थेट स्थानिक सेनाधिकाऱ्याला देतो आणि मंत्रिमंडळाची परवानगी घेण्याचे बंधन त्याच्यावर घालत नाही.

या रचनेचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पंधराव्या शतकात अयुथया या जुन्या थाई राज्याचा राजा त्रैलोक याने सैन्याचा कारभार 'कलाहोम' या खात्याकडे आणि मुलकी कारभार 'महातथाई' या खात्याकडे सोपवला होता. कायम फौज मात्र फारशी नव्हती. 'फ्राय' म्हणजे सामान्य रयत आपापल्या मालकाकडे वेठीला बांधलेली असे आणि लढाई आली की त्याच मालकाच्या हाताखाली शस्त्र धरी. ही व्यवस्था मोडून पगारी, प्रशिक्षित आणि केवळ राजधानीला उत्तरदायी अशी फौज उभारण्याचे काम राजा चुलालोंगकोर्न याने हाती घेतले. सैनिकी शिक्षणसंस्था १८८७ मध्ये स्थापन झाली.

नव्या फौजेची पहिली मोठी परीक्षा १३ जुलै १८९३ रोजी पाकनाम येथे झाली. चाओ फ्राया नदीच्या मुखाशी असलेल्या किल्ल्यात सात आर्मस्ट्राँग तोफा बसवल्या होत्या. त्या खड्ड्यात दडलेल्या असत आणि फक्त गोळा झाडण्यापुरत्या वर येत. अधिकारी डेन्मार्कहून आणलेले आणि तोफची सयामी (सयाम हे थायलंडचे जुने नाव). 'अँकाँस्तां' आणि 'कॉमेत' या दोन फ्रेंच युद्धनौका संध्याकाळी त्या माऱ्यातून निसटून थेट बँकॉकच्या धक्क्याला लागल्या. त्याच वर्षीच्या तहाने मेकाँगचा डावा तीर सयामच्या हातून गेला. तेवढ्यावर संकट संपले नाही. १९०२ मध्ये उत्तरेत शान लोकांनी आणि ईशान्येत 'पुण्यवंत' म्हणवणाऱ्या नेत्यांच्या अनुयायांनी बंडे केली. १९०५ चा सक्तीच्या भरतीचा कायदा या पार्श्वभूमीवर आला, म्हणून त्या फौजेचे तोंड परक्या शत्रूइतकेच देशातील प्रांतांकडेही वळलेले होते. माझ्या मते थाई लष्कराविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

शिकलेले अधिकारी राजालाही जड जाऊ लागले. १९१२ मध्ये तरुण अधिकाऱ्यांचा राजा वजिरावुधविरुद्धचा कट उघडकीस आला, आणि २४ जून १९३२ रोजी लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांच्या 'खाना रात्सादोन' या गटाने निरंकुश राजेशाही संपवून संसद आणली. म्हणजे सैनिकी शिक्षणसंस्था थायलंडच्या संसदेहून ४५ वर्षांनी वडील आहे. त्यानंतरच्या यशस्वी सत्तापालटांची संख्या सामान्यतः १२ मानली जाते. शेवटचा २२ मे २०१४ रोजी जनरल प्रयुत चान-ओचा यांनी केला. २०१७ च्या राज्यघटनेने नेमलेल्या २५० सिनेटरांत तिन्ही दलांच्या प्रमुखांसह सहा वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना पदसिद्ध जागा होत्या. बँकॉकमधील दोन पायदळ रेजिमेंट २०१९ मध्ये थेट राजाच्या सुरक्षा विभागाकडे गेल्या. सेनाधिकाऱ्यांच्या नेमणुकाही २००८ च्या कायद्यानुसार एक समिती ठरवते, आणि तिच्यात संरक्षणमंत्री व उपमंत्री सोडले तर तिन्ही दलप्रमुख, संयुक्त दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव बसतात. मंत्र्याचे मत तेथे अनेकांतील एक ठरते.

सामान्य घरात हे लष्कर शिरते ते एप्रिल महिन्यात. वयाची २१ वर्षे गाठलेले तरुण भरतीच्या ठिकाणी रांगेने बसतात. आधी स्वेच्छेने येणाऱ्यांची नावे घेतली जातात आणि उरलेल्या जागांसाठी प्रत्येक जण पेटीत हात घालून चिठ्ठी काढतो. काळी निघाली तर सुटका, लाल निघाली तर दोन वर्षांपर्यंत सेवा. बाजूला त्यांच्या आया हात जोडून उभ्या असतात, कोणी आनंदाने ओरडतो, कोणी तिथेच चक्कर येऊन पडतो. शाळेत तीन वर्षे प्रादेशिक संरक्षणाचे प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला या पेटीपर्यंत यावेच लागत नाही, आणि ज्यांना ती संधी मिळत नाही त्यांत गरीब घरची मुले अधिक असणार, हे उघड आहे. सक्तीची भरती बंद करण्याचे वचन देणाऱ्या पक्षाने २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळवल्या. त्याला सरकार बनवता आले नाही, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला.

म्हणून विनंती अशी की, सीमेवरील चकमकीची बातमी देताना तुकडी कोणत्या विभागाची होती आणि हुकूम विभागप्रमुखाचा होता की बँकॉकमधील सेनाप्रमुखाचा, हे शक्य तेथे नमूद करावे. तसेच वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांच्या बदल्या दरवर्षी १ ऑक्टोबरपासून अमलात येतात. ती यादी बँकॉकमध्ये निवडणुकीच्या निकालाइतक्याच उत्सुकतेने वाचली जाते. आपल्या परराष्ट्र पानावर तिला चार ओळी मिळाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक