रेशनकार्डावरचं नाव

सावंतवाडी

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

काल तू बोलता बोलता फोन ठेवलास, म्हणून लिहितेय. रागावलेली नाही. पण विनूकडे डब्लिनला जायच्या अर्जासाठी मागची तारीख घालून मावशीच्या रेशनकार्डावर तुझं नाव चढवायचं, हे त्या एजंटाला नाही म्हणून सांग. आपल्या कार्डावर तुझं नाव आहे, ते राहू दे. दहावीनंतर तू मावशीकडे म्हापशाला गेलास, तेव्हा ते काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच खरं आहे आणि तेच लिही.

विनूने मला सगळं समजावलंय. भाऊजींचा जन्म गोव्यात पोर्तुगीज अमदानीतला, म्हणून विनूला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि तो डब्लिनला नोकरी करू शकला. त्याच्या बायकोला त्याच्यासोबत राहायचा हक्कच आहे. मावसभावाला तसा हक्क नाही. युरोपच्या २००४च्या नियमात तुझ्यासारख्यांसाठी एवढंच आहे, की तिथल्या सरकारने अशा माणसाची परिस्थिती नीट तपासावी आणि नकार दिला तर कारण द्यावं. परिस्थितीच तपासणार असतील आणि एक कागद खोटा निघाला, तर बाकीच्या खऱ्यांचं काय होईल रे?

आणि खरे कागद थोडे आहेत का? कॉलेजच्या दाखल्यावर म्हापशाचा पत्ता आहे. बँकेच्या पासबुकात विनूचे पैसे महिन्याच्या महिन्याला आलेले दिसतात. टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्याच्या कागदावर पालक म्हणून त्याचीच सही आहे. आम्ही बांद्यापर्यंत पोचलो होतो, एसटी हलेना. त्या रात्री विनू तुझ्या उशाशी बसून होता, हे मी जन्मात विसरणार नाही. लहानपणी दोघं बाबांच्या लाकडी आंब्या-केळ्यांना रंग लावायचात. तू केळं निळं केलंस आणि तेच आधी विकलं गेलं.

बघ, काय सांगत होते आणि कुठे गेले.

बाबांनी परवा नोटरीकडे प्रतिज्ञापत्रावर सही केली. मुलाचं शिक्षण आणि राहणं-खाणं मला परवडत नव्हतं, ते मावसभावाने केलं, असं त्यात आहे. घरी येऊन जेवले नाहीत, चितारआळीत जाऊन रंगवत बसले. तुला लाज वाटावी म्हणून हे सांगत नाही. ज्या माणसाने एवढं खरं लिहून दिलं, त्याच्या कागदाला खोटं रेशनकार्ड टाचू नकोस.

पुन्हा तेच बोलले. माफ कर. तू हुशार आहेस, घरातला पहिला पदवीधर, हे मी बाजारात सगळ्यांना सांगते. पण घाई झाली की तू कुणाचंही ऐकतोस, याची मला भीती वाटते.

विनू म्हणाला, २०१२ साली लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टात एका बांगलादेशी कुटुंबाचा असाच खटला गेला होता. अर्ज करताना माणूस आपल्या देशात खरंच त्या नातेवाइकावर अवलंबून असला पाहिजे, असं कोर्टाने सांगितलं. तू आहेसच. आधी व्हिसा, मग तिकडे पोचून राहायच्या परवानगीचा तो ईयू वन ए फॉर्म. त्याचा निकाल लांबला तरी धीर धर. मंजूर झालं की पाच वर्षांचं कार्ड मिळेल.

शुक्रवारी बाबा म्हापशाच्या बाजाराला येतील, प्रतिज्ञापत्र घेऊन. आपल्या रेशनकार्डाची प्रतही देते, तीच लाव. विनूच्या पगाराच्या पावत्या आल्या का ते कळव. एजंटाला पैसे दिले असशील तर जाऊ देत, पण मावशीचं कार्ड त्याच्याकडून आजच परत आण.

तुझी,
आई