बुधवारच्या त्या वर्गासाठी, ताईस

प्रिय ताई,

समोर बसून तुझे आभार मानायला गेलं की तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. नाव घालत नाही, तुला ते रुचणार नाही. पण पुण्यातल्या आपल्या वसतिगृहात त्या वर्षांत राहिलेल्या, मराठी माध्यमातून येऊन अर्थशास्त्र नाहीतर राज्यशास्त्र घेतलेल्या कुणाही मुलीने हे वाचलं, तर पत्र कुणाला आहे ते तिला लगेच कळेल.

बातमी अशी की जूनपासून मी एका तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आहे. राज्यशास्त्र, द्वितीय वर्ष, आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर. पहिल्या आठवड्याची टिपणं काढायला बसले आणि लक्षात येत गेलं, की राष्ट्रहित, परस्परावलंबन, सार्वभौमत्व या शब्दांना माझ्याकडे जो काही अर्थ आहे तो तुझ्या खोलीत मिळालेला आहे.

२०१९ साली मी एम.ए.ला आले तेव्हा हे विषय एकमेकांशी बोलत नव्हते. अर्थशास्त्राच्या वर्गात मागणी-पुरवठ्याच्या रेषा, राज्यशास्त्राच्या वर्गात संविधान आणि पक्षपद्धती, आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात वास्तववाद आणि उदारमतवाद. सगळं वाचन इंग्रजीत. मी लासलगावची, वडील बाजार समितीत हमाल. कांद्याची आवक किती झाली, भाव काय निघाला, लिलाव चालू की बंद, यावर आमच्या घरी रोज बोलणं व्हायचं. त्या बोलण्याचा या वर्गांशी काही संबंध असेल असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तू पीएच.डी.ला होतीस, तुझी स्वतःची प्रकरणं मार्गदर्शकांकडे द्यायची राहिली होती. तरी तू मेसमध्ये आम्हाला विचारलंस, "बुधवारी जेवण झाल्यावर वर येता का?"

२९ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच महिन्यात आधी टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी दराने बाहेर विकायचं नाही अशी अट, लावून झालं होतं. त्या बुधवारी तू पुस्तक उघडलंच नाहीस. मला म्हणालीस, "वडिलांना फोन लाव." फोन स्पीकरवर ठेवून तू त्यांना आवक विचारलीस, भाव विचारला, आणि मग विचारलंस, "काका, यात हमालांचं काय होतं?" वडील थोडे थांबले. मग म्हणाले, "माल उतरला तर हमाली. लिलाव बंद पडला तर कसली हमाली?" हा प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी तो अजून लक्षात ठेवला आहे.

फोन ठेवल्यावर तू माझ्या वहीत तीन ओळी लिहिल्यास. भार कुणावर पडला? ठरवलं कुणी? सीमेपलीकडे काय झालं? म्हणालीस, "पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा, दुसरा राजकारणाचा, तिसरा आंतरराष्ट्रीय संबंधांचा. एकाचंच उत्तर देऊन थांबलीस तर उत्तर अर्धवट राहील." ती वही माझ्याकडे आहे आणि वर्गावर मी तीच घेऊन जाते.

पहिल्या प्रश्नाने मला लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते ते, समजली. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, कांदाचाळीत साठवतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात चाळी रिकाम्या होत आलेल्या असतात तेव्हा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो. मागणी मात्र फारशी हलत नाही, भाजीत कांदा लागतोच. म्हणून पुरवठा थोडा घटला तरी भाव कितीतरी चढतो. हे तू आलेख कागदावर काढून दाखवलंस, आणि आकडे पुस्तकातले घेतले नाहीस, वडिलांनी सांगितलेले घेतलेस. मग बंदीची रेघ ओढलीस. देशातला माल देशातच अडकला, भाव उतरला. शहरातल्या ग्राहकाला आराम, शेतकऱ्याला तोटा, हे कुणीही सांगेल. पण ज्याच्याकडे विकायला कांदा नाही आणि ज्याची कमाई भावावर नाही, उतरलेल्या मालावर ठरते, तो या आलेखात कुठे आहे, हे शोधायला तू आम्हाला आठवडा दिलास.

त्याच शोधात तू मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १९२५ सालची हिल्टन-यंग चलन आयोगापुढची साक्ष वाचायला दिलीस. त्याबद्दल तुझे वेगळे आभार मानायचे आहेत. बाबासाहेबांनी रुपयावर प्रबंध लिहिला होता हे मला शाळेपासून पाठ होतं. त्यांनी नेमकं काय म्हटलं ते मात्र मी कधी वाचलं नव्हतं. रुपयाचा दर पडलेला राहिला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असं व्यापारी वर्ग सांगत होता. बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा येतो कुठून? तो परदेशातून येत नाही. किमती चढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणजे देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून तो दुसऱ्या वर्गाकडे जातो. ते वाचून झालं तेव्हा रात्रीचे किती वाजले होते कोण जाणे. विनिमय दरासारख्या कोरड्या गोष्टीत माझे वडील कुठे उभे आहेत, हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी विचारून ठेवलं होतं. मी या विषयात राहायचं ठरवलं ते त्या रात्री.

दुसऱ्या प्रश्नावर तू फार कडक होतीस. ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन एक टक्क्याहूनही कमी, तरी सरकारं त्याला एवढी का घाबरतात? कांदा महागला म्हणून सत्ताधारी पक्ष हरला असं म्हणतात, त्या १९९८ च्या दिल्ली विधानसभेचं उदाहरण आम्ही लगेच द्यायचो. तू म्हणायचीस, निवडणूक एका कारणाने हरली असं लिहायचं असेल तर आधी बाकीची कारणं खोडून दाखवा. आणि अधिसूचना कोणत्या मंत्रालयाची, कोणत्या कायद्याखाली, हे शोधल्याशिवाय "सरकारने ठरवलं" असं वाक्य तू लिहू दिलं नाहीस. त्यातूनच आम्ही १९६९ च्या माथाडी कायद्यापर्यंत पोचलो. हमालाच्या मजुरीलाही कायदा असतो आणि तो संघटनेने लढून मिळवलेला असतो, हे मला पुण्यात येऊन कळलं. हमाल पंचायतीच्या कष्टाची भाकर केंद्रात तू आम्हाला जेवायला नेलंस तेव्हा मी वडिलांना तिथूनच फोन केला होता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला त्याच आठवड्यात मिळालं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. तिथल्या व्यापारी मेळाव्यात त्यांनी हिंदीतून बोलून दाखवलं, की आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं, मी तर स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस असं सांगितलंय. सभागृह हसलं. तू मात्र ती चित्रफीत पुन्हा लावलीस आणि म्हणालीस, हसत हसत केलेली ही अधिकृत तक्रार आहे, नीट ऐका. पुढे नोव्हेंबरात तिकडे कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला आणि त्यांना तो विमानाने मागवावा लागला. शेजाऱ्याने आपल्यावर अवलंबून राहावं असं वाटत असेल तर आपण भरवशाचे असावं लागतं. परस्परावलंबनाचा सिद्धांत मला त्या कांद्यातून समजला.

आणि मग गॅट, देशादेशांतल्या व्यापाराचे नियम घालणारा करार! सेमिनारसाठी मी निर्यातबंदी हा विषय दिला, तेव्हा हा आंतरराष्ट्रीय संबंधांत बसत नाही, शेतीच्या अर्थशास्त्रात जा, असं मला सांगण्यात आलं. मी विषय बदलायला निघाले होते. तू गॅटचं कलम ११ माझ्यासमोर ठेवलंस. आयात-निर्यातीवर संख्यात्मक निर्बंध नकोत, कर चालेल, असा तिथला मूळ नियम. त्याला अपवाद अन्नपदार्थांच्या गंभीर टंचाईचा, तोही तात्पुरता. शिवाय शेतीविषयक कराराचं कलम १२: निर्बंध लावणाऱ्याने आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा, आधी कळवावं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण तो देश त्याच पदार्थाचा निव्वळ निर्यातदार असेल तर नाही. भारत कांद्याचा निर्यातदार आहे. "आता सांग त्यांना, कुठे बसतो विषय," एवढंच म्हणालीस. ते दोन परिच्छेद मी शब्दकोश घेऊन वाचले, तू प्रत्येक ओळ माझ्याकडून मराठीत वदवून घेतलीस, आणि मगच इंग्रजीत लिहायला लावलंस. विषय मंजूर झाला.

मराठीत या विषयाचं मुळी काही नाही, असं आम्ही म्हणायचो. तू वाद घातला नाहीस, आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या जुन्या मराठी ग्रंथातलं टोपीकरांचं, म्हणजे युरोपियनांचं, प्रकरण काढून दिलंस. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) हे व्यापारी असले तरी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी दरबारात कुणी लिहून ठेवतं! व्यापार, राज्य आणि परराष्ट्र एकाच नजरेत. नंतर रानड्यांचं भारतीय अर्थशास्त्रावरचं १८९२ चं डेक्कन कॉलेजातलं व्याख्यान, आणि गोखल्यांचं १९०२ चं अंदाजपत्रकावरचं भाषण. लोक हालात असताना तिजोरीत शिल्लक दिसते, कारण कर गरजेपेक्षा जास्त ठेवलेत, असं म्हणून ते मिठावरचा कर कमी करा म्हणतात. पुढच्या वर्षी तो मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. ज्या शहरात आपण शिकत होतो तिथेच या माणसांनी हाच अभ्यास केला होता, हे तू दाखवून दिलंस आणि माझी भीड गेली.

मार्च २०२० मध्ये वसतिगृह रिकामं करून घरी जावं लागलं. घरी एकच फोन, तोही वडिलांचा. तू बुधवारी त्या फोनवर लावायचीस आणि ते कामावरून आलेले असले तर आधी त्यांच्याशी बोलायचीस. सप्टेंबरात पुन्हा निर्यातबंदी आली तेव्हा आवक आणि भाव त्यांनी स्वतःहून तुला सांगितला.

तुझ्यापासून लांब, एकटीने मी पहिला अभ्यास केला तो २०२३-२४ चा. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात बंदी, एप्रिलमध्ये बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका वगैरे सहा देशांना ९९,१५० टनांची परवानगी, मे महिन्यात बंदी मागे. बाजार सगळ्यांना बंद आणि ठरावीक सरकारांना उघडा, म्हणजे कांदा परराष्ट्र धोरणाचं साधन झाला, असं मी लिहिलं. लोकसभेत दिंडोरी आणि नाशिक या कांद्याच्या पट्ट्यात सत्ताधारी हरले, त्यावर सगळीकडे "कांद्याने रडवलं" असे मथळे होते. मी तसा निष्कर्ष काढला नाही. बाकीची कारणं खोडता येत नव्हती.

ताई, तू कधी फी घेतली नाहीस, उलट नेटच्या, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचं शुल्क एकदा तूच भरलंस आणि परत घेतलं नाहीस. तुझा प्रबंध त्यामुळे लांबला हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल तू एक शब्द काढला नाहीस. मी मनापासून ऋणी आहे, आणि हे तू नाकारायचं नाहीस.

आता काम सांगते. माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी दर बुधवारी कॉलेज सुटल्यावर थांबायचं कबूल केलंय. बहुतेकांची घरं शेतीवर, काहींची बाजार समितीतल्या हमालीवर. तुझी कलम ११ वरची मराठी टिपणं माझ्याकडे अर्धीच आहेत, उरलेली पानं फोटो काढून पाठव. आणि दिवाळीनंतर एक बुधवार आमच्यासाठी राखून ठेव. वडील विचारत होते, ताई कधी येणार म्हणून.

तुझी,
लासलगावची